गोकुळ गिरींची मांडी

'मी मेल्यावर मला पुरू नये, जाळावं,' असं गोकुळ गिरींनी कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी तो बायकोपुढं धरला. द्वारकाबाईंनी त्यावर कढीपत्ता निवडायला घेतला.

"गोसाव्याचा माणूस अन् सरणावर? तुमच्या सात पिढ्या चितेगावच्या शेतात बसल्यात!"

"बसल्यात ना? तेच तर!" गिरी तडकले. "आपल्यात मांडी घालून पुरतेत. माझी मांडी मोडून दहा वर्षं झाली. अन् तिथं काय घटकाभर बसायचंय? युगानुयुगं बसायचंय!"

"मेल्यावर गुडघे दुखतेत व्हय?"

"तू मरून पाह्यलंस का?"

गुडघ्यांपायी गिरी दहा वर्षं टेबलावर जेवत होते. द्वारकाबाईंना मात्र खुर्चीवर घास उतरत नसे. त्या खाली पाटावर एकट्याच जेवत.

"तुम्ही जळून पैठणला गोदावरीत वाहून जाल," त्या देठं खुडत म्हणाल्या. "अन् मी? मी शेतातल्या लिंबाखाली एकटीच बसू?"

गिरींना लई वाईट वाटलं. पण करणार काय, गुडघे ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शहरातून एकटेच शेतावर गेले. वडील-आजा-पणजांच्या समाध्यांशेजारी, लिंबाखाली, वाटेकरी जहांगीर आंब्यासाठी ऐसपैस खड्डा खणून घाम पुसत होता.

"तुमचं बरंय, जहांगीरभाई. तुमच्यात आडवं तरी करतेत."

"अरे भाऊ, मरने के बाद कौन करवट बदलता? आधी बसून तर बघा!" असं म्हणून जहांगीर हसत हसत रोपवाटिकेतून रोप आणायला गेला.

बसून बघायला काय जातंय? गिरी खड्ड्यात उतरले. दोन्ही हातांनी एकेक पाय ओढून त्यांनी मांडी घातली, उन्हाला डोक्यावर भगवा गमछा घेतला. माती गार होती. वरून लिंबाचा फुलोरा टपटपत होता. डोळा कधी लागला, कळलंच नाही.

शेजारच्या समाधीतून वडील म्हणाले, "आलास व्हय? गुडघे कसेत?"

"दुखतेत, दादा."

"माझे बी दुखायचे. पण इथं कुणी ऊठ म्हणत नाय. मग कशाला दुखतेत?"

गिरी झोपेतच हसले. जाग आली तेव्हा पाय मात्र जागचे हलेनात. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन शेजारच्या शेतातली भागूबाई आली. तिनं खड्डा पाहिला, भगवं पाहिलं, भारा टाकला आणि गावाकडं धूम ठोकली, "गिरीबुवा जित्तेपणी समाधीला बसले हो!"

अर्ध्या तासात निम्मं चितेगाव टाळ, हार आणि नारळ घेऊन हजर.

"अरे, मला उठता येईना!" गिरी ओरडले.

"पाह्यलं? आसन किती पक्कं हाय!"

"मला घरी जायचंय, बाबांनो!"

"माया सुटत नाय शेवटाला," एका म्हाताऱ्यानं सुस्कारा टाकला आणि नारळ फोडला.

कुणीतरी द्वारकाबाईंना फोन लावला, शेवटचं दर्शन घ्यायला या म्हणून. रिक्षात त्या वाटभर रडल्या. गर्दी सारून पुढं आल्या, तर नवरा हारांत गळ्यापर्यंत बुडालेला आणि खोबरं खात बसलेला!

"मला न विचारता बसलात?"

"बसून पाहत होतो गं."

"उठा."

"उठता आलं असतं तर हार घालून घेतले असते व्हय?"

द्वारकाबाईंनी टाळवाल्यांना गप्प केलं, पदर खोचला आणि नवऱ्याला मागून रेटायला स्वतः खड्ड्यात उतरल्या. मागं जागाच नव्हती, म्हणून शेजारी टेकल्या. टेकल्या त्या टेकल्याच. फुलोरा आता दोघांवर पडू लागला.

"लई दुखतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसल्यावर नाय दुखत. उठायचं म्हटलं की दुखतंय." गिरींनी हातातलं खोबरं मोडून अर्धं त्यांना दिलं. "तो कागद कुठंय गं?"

"कढीपत्त्यासंगं फेकला."

"बरं केलंस."

एवढ्यात जहांगीर रोप घेऊन आला. गर्दी बघून तो चरकला, पण खड्ड्यात डोकावल्यावर त्यानं विहिरीवरचा दोर आणून खाली सोडला. "वैनी, पहले किसको निकालूं?"

"थांब रे जरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "दहा वर्षांनी मांडीला मांडी लावून बसलेत."