एका बाहीचा सदरा

मंडईच्या चौकातल्या सत्तावीस नंबरच्या दिव्याच्या खांबाने सोमवारी सकाळी अंगातला सदरा काढायला नकार दिला.

सदरा भालचंद्र बोंगाळे यांनी शिवला होता. त्यांचं शिलाईचं दुकान चौकामागच्या बोळात, आणि हल्ली तिथवर कुणी फिरकत नसे. चौकात पाटी लावायला परवानगी मिळेना. तेव्हा त्यांची बायको विमल म्हणाली, की पाटी जात नसेल तर शिवण जाऊ द्या चौकात. भालचंद्रांनी रविवारी शिडी लावून खांबाचं माप घेतलं आणि निळ्या रेघांचा सदरा बेतला. बाही एकच, कारण खांबाला हात एकच, दिव्याचा. विमलने खिशावर रेशमाने दुकानाचं नाव भरलं, खाली बोळाचा पत्ता.

सोमवारी नगरपालिकेचा वायरमन शिडी चढला. त्याने वरच्या गुंडीला हात घातला तसा खांब म्हणाला, "राहू दे. नीट बसलाय." वायरमनने तसा शेरा लिहिला आणि तो खाली उतरला.

प्रकरण विद्युत विभागाच्या रजिया तांबोळींकडे गेलं. त्यांनी भालचंद्रांना बोलावून शांतपणे नियम समजावला. सार्वजनिक खांबावर जाहिरात चालत नाही, ज्याने शिवलं त्यानेच उसवावं. भालचंद्र बरं म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी स्वतःची चांगली शिवण कधी उसवली नव्हती. कात्री घेऊन ते चौकात आले खरे, पण हात उचलेना.

तेवढ्यात दिवेलागण झाली आणि रस्त्यावरचे बाकीचे तेरा खांब लागलेच नाहीत. त्यांची तक्रार काही नव्हती. सत्तावीस नंबरला पाहिल्यापासून चारचौघांत असं उघडं उभं राहायला लाज वाटते, एवढंच त्यांचं म्हणणं. तांबोळीबाई स्वतः आल्या.

"सदरा राहील," त्या खांबाला म्हणाल्या. "पण खिशावरची जाहिरात निघेल."

"ती जाहिरात नाही बाई. लोक विचारतात, कुठे शिवलात म्हणून. मला पत्ते लक्षात राहत नाहीत."

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. घालणाऱ्याने स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेल्या पत्त्याला त्यात कुठे मनाई नव्हती. त्यांनी तिथेच तेरा सदऱ्यांचा आदेश काढला, सही केली, आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम उजळला. भाजीवाल्या हसत उठून उभ्या राहिल्या. निघताना बाईंनी भालचंद्रांना हळूच विचारलं, कुर्ता किती दिवसांत मिळेल.

मंगळवारपासून बोळात माणसं मावेनात. विमल मशीनवरून उठेना, आणि गुणगुणणंही थांबेना. गुरुवारी भालचंद्र शेवटच्या, मुलींच्या शाळेसमोरच्या खांबाचं माप घ्यायला गेले. उंची, घेर, बाही लिहून झाली. मग खांबाने खालच्या आवाजात विचारलं, सदऱ्याऐवजी झालरीचा झगा चालेल का.

भालचंद्रांनी कानावरची पेन्सिल काढली.

"झालर दोन पदरी की तीन?"