तिसरीतला प्रल्हाद

प्रल्हाद राठोड सहा फूट उंच होता, त्याला भरघोस मिशा होत्या आणि तो इयत्ता तिसरीत होता.

म्हणजे तसा तो आमच्यासोबत यवतमाळच्या अध्यापक विद्यालयात डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होता. पण सराव पाठाची आमची पद्धत अशी, की एकाने मास्तर व्हायचं आणि बाकीच्यांनी पोरं होऊन बाकांवर बसायचं. आता पोरं व्हायचं म्हटलं की आम्ही सगळे फार हुशार पोरं व्हायचो. प्रश्न पुरता व्हायच्या आत "बाई मी, बाई मी" करून हात वर. प्रल्हाद मात्र शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा, कानात पेन्सिल खोचायचा, शर्टाची कॉलर चावायचा आणि खिडकीतून कावळे पाहायचा. मध्येच करंगळी वर करायचा. बरं, परवानगी दिली की खरंच जायचा आणि पाठ संपेपर्यंत यायचा नाही!

त्याचं एक पालुपद होतं. "डोक्यात नाई शिरलं नं, बाई."

एकदा मी बाष्पीभवन शिकवत होते. ओलं लुगडं उन्हात वाळतं, कारण त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वर जाते, असं मी छान हातवारे करून सांगितलं. सगळ्यांना समजलं. प्रल्हादनं हात वर केला.

"बाई, पाणी वर जाते, मंग लुगडं काहून नाई जात?"

"लुगडं जड असतं."

"पाणी बी जडच असते नं. आमची याडी गुंडभर आणते तं कंबर धरून बसते." याडी म्हणजे त्यांच्या तांड्याच्या बोलीत आई, आणि गुंड म्हणजे पाण्याची घागर.

मी वाफेचे कण, उष्णता, काय काय सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "डोक्यात नाई शिरलं नं, बाई." असा संताप आला म्हणता! पण त्यानंतर आठवडाभर मी दोरीवरच्या लुगड्यांकडे संशयानं पाहत होते, हेही खरं.

आमचं एक छात्राध्यापक मंडळ होतं. मी अध्यक्ष, कारण माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून आणि माझं अक्षर बरं. प्रल्हाद चिटणीस, कारण सतरंज्या उचलायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तो मला "अध्यक्षबाई" म्हणायचा, तेही अशा सुरात की हसावं की रागवावं कळू नये. मंडळाचं काम कागदावर शिक्षक दिन, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे हार वगैरे. खरं काम एकच, वार्षिक पाठ पार पाडणं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव नाही म्हणून लोकांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस रचलेला. प्रल्हाद आर्णीकडच्या आपल्या तांड्यावरून सोमवारी यायचा तो केसांत कापूस घेऊनच, कारण घरात झोपायला तेवढीच जागा उरलेली. अशा घरातलं पोरगं डी.एड.ला म्हटल्यावर सगळ्या घरादाराचे डोळे त्याच्या टक्क्यांवर. टक्के बरे तर मास्तरकी, नाही तर पुन्हा तोच कापूस. आणि टक्के ठरायचे वार्षिक पाठावर, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर.

म्हणून मंडळ आदल्या दिवशी, जिथे पाठ व्हायचा त्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांचा "वर्ग बसवायचं". म्हणजे हुशार पोरं पुढे घ्यायची, कोणता प्रश्न कोणाला येणार ते त्यांना सांगून ठेवायचं, आणि कच्ची पोरं उचलून बाहेर व्हरांड्यात बसवायची. ही पद्धत पूर्वापार होती. परीक्षकांनाही ठाऊक असावी, कारण तेही कधीकाळी असेच पास झालेले. व्हरांड्यातल्या पोरांना सांभाळायचं काम प्रल्हाद दर वेळी मागून घ्यायचा. आणि बाहेर असा काही हशा पिकायचा की आतली हुशार पोरं पाठ केलेली उत्तरं विसरून दाराकडे पाहायची.

मग त्याचा स्वतःचा पाठ आला. मी विचारलं, "उद्या व्हरांड्यात कोणाला बसवू?"

"कोणाले नाई. सारे आत बसतीन."

"वेडा झालास का रे? टक्के जातील! घरी काय सांगशील?"

"सांगीन का डोक्यात नाई शिरलं."

दुसऱ्या दिवशी तिसरीचा वर्ग, विषय अपूर्णांक. परीक्षकांचा चहा घेऊन मी दारात उभी. प्रल्हादनं कागदाची गोल भाकर दाखवली, चार भाग म्हणजे काय ते सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला तो शेवटच्या रांगेतल्या सोनीला. तांड्यावरची पोर, मराठी जेमतेम. ती पायाचा अंगठा पाहू लागली. पुढची पोरं "सर मी, सर मी" करून बाकावर उभी राहायची बाकी. हा थांबला. परीक्षक खोकले. हा थांबलेलाच.

आणि या माणसानं काय करावं? सोनीशेजारी जमिनीवर मांडी घातली, कानात पेन्सिल खोचली आणि म्हणाला, "मले बी नाई समजलं." मग भाकरीचे वेडेवाकडे चार तुकडे केले, मोठे तीन आपल्याकडे ओढले आणि चिंधीएवढा तिच्यापुढे टाकला.

सोनी भडकली! त्यांच्या बोलीत तिनं त्याचा जो उद्धार केला, तो परीक्षकांना कळला नाही हे बरं झालं. तिनं दुसरा कागद घेतला, घडीवर घडी घातली, सारखे चार तुकडे केले आणि त्याच्यासमोर आपटले. तो "काहून? कसं?" विचारत गेला आणि ती सांगत गेली, अर्धं त्यांच्या बोलीत, अर्धं मराठीत. मागची सगळी रांग तिच्याभोवती गोळा झाली. तेवढ्यात घंटा वाजली. फळा कोरा, मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "नाटक बरं होतं," ते म्हणाले, "पाठ कुठे होता?" आणि माझा चहा पिऊन निघून गेले.

त्याला गुण वर्गात सगळ्यांत कमी पडले. नोकरीची पहिली यादी लागली तेव्हा आमची नावं होती, त्याचं नव्हतं. त्याचं नाव लागेपर्यंत तो कापूस वेचत होता.

पण त्या दुपारी हे काही ठरलेलं नव्हतं, आणि मी त्याच्यावर बरसत होते. "अरे, दोन हुशार पोरांना तरी विचारायचंस! ती पोर एक दिवस बाहेर बसली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "आमच्या शाळेत तपासणीले साहेब आले का गुरुजी मले भाईर बसवत. चपलाइपाशी. मले वाटे, लय मोठा मान आहे. साऱ्या शाळेच्या चपला राखाले माह्यावरच भरवसा! पळत घरी जावो अन् याडीले सांगो, आज बी मीच होतो. याडी साऱ्या तांड्याले सांगे."

मला हसू आलं आणि मध्येच अडकलं. "मग खरं कधी कळलं तुला?"

"इथं. मंडळाच्या पयल्या बैठकीत. कच्चे पोरं कुठं बसवाचे, हे तुमी सारे ठरवून राह्यले होते नं, तवा."

मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाई नं, अध्यक्षबाई," तो म्हणाला. "तिले कायले सांगू? आता लोकं माह्या टक्क्याचं इचारतीन, तं याडी त्यायले तेच सांगीन, का माह्या पोरावर गुरुजीचा लय भरवसा होता."