खंडेनवमीस पत्थर धुतल्याची हकीकत

श्रीजलदेवतेस दंडवत घालून, पाहिलें तितकेंच लिहितों. शके १९४२ शार्वरी नाम संवत्सरीं एका राज्यीं कातडीं कमावणारा कारखाना होता, त्याचें क्रोम नामें पिवळें विष भूमींत मुरोन गांवचे एकुलते एक विहिरीस पावलें. आणि विहिरीनजीक तानूबाई राहात होती, तिची लेक मथुरा पहिलटकरीण, आश्विनांत माहेरीं यावयाची. तानूबाई सरकारांत जाऊन बोलली, "पाणी पिवळं हाय तवर लेकीला कशी आणू?" मग सरकारांनीं पाषाणपारखी यमाजीपंत यांस पाचारिलें. पंतांनीं एक पत्थर सिद्ध केला, त्याचे पोटीं पापुद्र्यावर पापुद्रा, आणि मधील गल्ल्यांत मिठांतील गरीब क्लोराइड बिऱ्हाड करून होते. मग पत्थराच्या पोतड्या विहिरींत सोडिल्या, आणि विष गल्ल्यांत शिरून बसलें, आणि क्लोराइडांनीं मुकाट्यानें पाण्याची वाट धरिली. तोफ नाहीं, तलवार नाहीं. दीड मासांत पाणी निवळलें. पंतांनीं तपासून पिण्यास योग्य म्हणितलें, तानूबाईनें लेकीस सांगावा धाडिला, आणि पंत "पोतड्या उद्यां मीच काढीन, कोणी हात लावूं नये" ऐसें बजावून मुक्कामीं गेले.

तों खंडेनवमी आली. कारभारी निळोजीराव यांचे मनीं आलें कीं, ज्यानें शत्रु जिंकिला त्या शस्त्राची पूजा न जाहली तर राज्याचें नाक जाईल. आणि पूजेआधीं शस्त्र घांसावें ही चाल. मग पोतड्या काढविल्या आणि विहिरीचे काठावरच धुण्याचा सोडा घालून पत्थर खसखसून धुवविले. सोड्यांतील कार्बोनेट महाहट्टी. त्यानें गल्ल्यांत घुसून विषास मानगूट धरून बाहेर काढिलें, आणि आपण तेथें कायमचें ठाण मांडिलें. घंगाळ पिवळें जाहलें. कारभारी संतोष पावले, "अबब, मळ तरी केवढा!" आणि घंगाळामागून घंगाळ काठावर ओतविलें, तें ओघळून परत विहिरींत. काय म्हणावें या शहाणपणास! मग पत्थरास हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडिला.

पंत धांवत आले आणि पाणी तपासिलें, तों पुन्हा विषारी. तानूबाईनें पुसिलें, "आता किती दिस, पंत?" पंत खालीं पाहून बोलले, "नवा पत्थर करणें आहे. दोन महिने." मथुरेस नववा सरत होता. मग तानूबाईनें सांगावा फिरविला आणि बाळंतिणीची बाज पुन्हा माळ्यावर टाकिली. लिहिणारास फार वाईट वाटलें.

दुसरे दिवशीं दसरा. कारभारी सोनें द्यावयास तिचे दारीं आले. तिनें आपट्याचें पान घेतलें आणि त्याच विहिरीचा तांब्या पुढें केला. "घ्या कारभारी, उन्हातून आलासा." कारभाऱ्यांस तहान नव्हती.

एवंच, शत्रु धरिला, शस्त्र पूजिलें, शत्रु सुटला. मथुरा सासरींच बाळंत जाहली. तांब्या अद्याप तानूबाईचे ओट्यावर भरलेला आहे.