भोंग्याचे आठ

सोमवारी सकाळी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत भोंगा वाजला आणि गोकुळदासच्या हातातला चहाचा ग्लास हिंदकळला. भोंगा वाजण्यात नवल काही नव्हतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या त्या कारखान्यात तो तीस वर्षं रोज सकाळी आठला वाजत होता, आणि तो वाजवणारा प्रोग्रॅम खुद्द गोकुळदासनेच लिहिलेला होता. नवल हे, की त्या दिवशी तो खरोखरच आठला वाजला.

कारण भोंग्याचे आठ म्हणजे घड्याळात आठ वाजून सात मिनिटं, हे आसपासच्या वाड्यांवर जन्मलेल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नसे. सदाशिव मास्तर त्या भोंग्यावर शाळेची घंटा देत. सायकलवरून पाव विकणारा पोदेर भोंगा होईपर्यंत वरचा वाडा उरकायचा आणि मग खालच्या वाड्याकडे वळायचा. पेडण्याहून कामगारांना आणणारी कृष्णनाथची बस भोंग्याआधी बरोबर पाच मिनिटं गेटसमोर उभी राहायची. मोबाइल आले तेव्हा लोकांनी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, की मोबाइल सात मिनिटं पुढे पळतात. शहरातल्या वस्तू त्या, त्यांना घाई असायचीच.

भोंगा सात मिनिटं मागे का, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला निवृत्त व्हायला पाच दिवस उरले होते. अब्रूने, नारळ-शाल घेऊन, फोटो काढून घरी जायचं, एवढीच गोकुळदासची इच्छा होती.

तसा तो गेलाही असता. पण महिन्यापूर्वी त्याच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली. चौऱ्याण्णव सालचं ते यंत्र. बायकोने, सुमंगलाने, शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा अंगावर घेऊन खिडकीजवळ बसलेलं. त्यावरचा प्रोग्रॅम पास्कल नावाच्या भाषेतला, आणि ती भाषा आता संस्कृतइतकीच लोक बोलतात. म्हणून मुख्य कचेरीने तो नव्या भाषेत उतरवायला सेजलला पाठवलं. सेजल पाळी गावची, चोवीस वर्षांची, आणि एकटीने हातात घेतलेलं तिचं हे पहिलंच काम.

"बाय, तू सगळा वाचतली?" गोकुळदासने तेव्हा घाबरत विचारलं होतं. जुनी पत्रं दुसऱ्याच्या हातात पडावीत तसं त्याला झालं होतं.

"वाचूक कित्याक होया काका? कंपायलर वाचता. तो तुमचा पास्कल समजून घेता आणि सगळ्याचो एक साधो, मधलो मसुदो करता. मगे त्याचो बॅक एंड, म्हणजे शेवटचो भाग, आमी सांगू त्या भाषेत तो लिवन काडता. माणसान वाचूचा लागणाच ना."

हे ऐकून गोकुळदासला इतकं हायसं वाटलं, की त्याने तिला कॅन्टीनमधून गरम भजी मागवली. माणूस वाचणार नाही म्हणजे झालं. यंत्राला काय कळतंय?

आता सोमवारी, नवा प्रोग्रॅम सुरू झाल्याच्या पहिल्याच सकाळी, ग्लास खाली ठेवून तो खिडकीशी धावला. गेटवर परशुराम होता. कोल्हापूरकडचा गडी, बारा वर्षं गेट सांभाळणारा, आणि नियमाला देव मानणारा. भोंगा झाला की गेट लागतं आणि बाहेर राहिलेल्याच्या नावापुढे लाल खूण होते, मगच त्याला आत घेतात. महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की माणूस घरी. परशुरामने गेट लावलं. दोन मिनिटांनी कृष्णनाथची बस आली आणि चौतीस माणसं बंद गेटसमोर उतरली.

"अरे, गेट उघड!"

"भोंगा झालाय की वो!"

"आमी वेळार इलंव! बस कदीं लेट जावंक ना, त्या कृष्णनाथाक विचार!"

"बस न्हाई वो लेट, तुमी लेट. मी काय करू? नावं सांगा, लाल खूण करतोय."

कृष्णनाथ रागाने खाली उतरला, कारण एकवीस वर्षांत त्याच्या बसला कोणी उशिरा म्हटलं नव्हतं. तो उतरला म्हणून बस रस्त्यातच राहिली. बस राहिली म्हणून मागे पोदेराची सायकल अडली. भोंगा ऐकून त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, की आज आपल्यालाच उशीर झाला, आणि वरचा वाडा अर्धा टाकून तो खाली सुटला होता. त्यामुळे वरच्या वाड्यावरच्या दोन बायका पावासाठी पिशव्या घेऊन त्याच्या मागे धावत आल्या. पलीकडे सदाशिव मास्तरांनी इमानाने घंटा दिली, पण शाळेत तीनच पोरं होती, आणि घंटा ऐकून उरलेली पोरं दप्तराविना पळत सुटली. आणि या सगळ्याच्या शेपटाला एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत उभी होती. तिच्यात कारखान्याचे मॅनेजर राजेशबाब होते. तेही तीस वर्षांच्या चालीप्रमाणे भोंग्याआधी एक मिनिट पोचणारे.

"परशुराम, मी आसा रे! राजेश!"

"वळखलं की साहेब. तुमचं नाव पस्तिसावं लिवलंय."

साडेआठला राजेशबाब वर आले ते तांबडेलाल होऊनच. सेजल कोपऱ्यात फायलीसारखी उभी होती.

"हो तुजो नवो प्रोग्रॅम? पयल्याच दिसा पस्तीस लाल खुणो? मी आज कचेरीक कळयतां. ह्या काम दुसऱ्या कोणाक तरी दिवया."

"सर, मी सात खेपे तपासलां. भोंगो बरोबर आठाक वाजलो."

"बरोबर वाजलो म्हणानच तर घोळ झालो!" राजेशबाब म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळेना म्हणून आणखी चिडून खाली गेले.

सेजलने डोळे पुसले आणि कंपायलरचा अहवाल उघडला. गोकुळदास मागे येऊन उभा राहिला. ओळींमागून ओळी सरकल्या आणि एका जागी तो पुढे वाकला. तिथे साध्या शब्दांत म्हटलं होतं, की अमुक ओळीपासून अमुक ओळीपर्यंतचा भाग एकापासून नऊ कोटींपर्यंत नुसता मोजतो. त्या मोजण्याचा कशालाच उपयोग होत नाही. म्हणून तो काढून टाकला आहे.

"काका, ह्या कितां? नऊ कोटी मेजता, आणि कायच करना. कंपायलर असली अडगळ साफ करता. पण ही लिवली कोणी? आणि कित्याक?"

आता गप्प राहिलं तर निभावलं असतं. जुना प्रोग्रॅम, जुनी चूक, कोणाची ते कोण शोधणार? शुक्रवारी नारळ घेऊन घरी. पण सेजलच्या हातातला रुमाल ओला होता, आणि नोकरी जाण्याची भीती काय असते हे गोकुळदासने एकदा फार जवळून पाहिलं होतं. तो खुर्चीत बसला.

"मीच लिवलंय. ती अडगळ न्हय बाय. ती सुमंगला."

मग त्याने सगळं सांगितलं. चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये पॅकिंग खात्यात पेडण्याहून एक मुलगी कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात बस उशिरा आली म्हणून तिच्या नावापुढे दोन लाल खुणा झाल्या. दुसरी खूण झाली त्या दिवशी ती गेटबाहेर उभी राहून रडली, ते त्याने याच खिडकीतून बघितलं. आणखी एक खूण झाली असती तर ती परत दिसली नसती. त्या संध्याकाळी त्याने प्रोग्रॅमला सांगितलं, की आठ वाजले की लगेच भोंगा देऊ नकोस, आधी नऊ कोटींपर्यंत मोज. त्या यंत्राला तेवढं मोजायला सात मिनिटं लागत. पुढे लग्न झालं, मुलगी झाली म्हणून सुमंगलाने नोकरी सोडली, पण ते मोजणं काढायला त्याचा हात काही धजला नाही.

"काकीक म्हायत आसा?"

"ना गो. तीस वर्सां मी सगळ्या गावाक फसयलां, ह्या तिका खंयच्या तोंडान सांगू?"

एवढं प्रेम सेजलच्या ओळखीतल्या कुठल्याच मुलाने कुठल्याच भाषेत लिहिलं नव्हतं. पण गोकुळदास तोवर उठला होता. तो खाली गेला, राजेशबाबांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चूक पोरीची न्हय. चूक माजी, आणि ती तीस वर्सांची आसा."

राजेशबाबांनी ऐकून घेतलं. घाम पुसला. खिडकीबाहेर पावाला आलेल्या बायका, पोरांना शोधत आलेले मास्तर आणि कृष्णनाथ अजून भांडत होते. त्यातली एक बाई हात वर करून ओरडत होती, "आमचे आठ आमकां परत करा!"

"गोकुळदास," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती सात मिनटां परत घालूक जमतली?"

"जमतली, साहेब."

"घाल मगे. आणि ती माजी लाल खूण तेवडी परशुरामाक सांगून..."

"ती परशुराम पुसचो ना, साहेब."

पण परत घालणं सोपं नव्हतं. सेजलने त्या ओळी पुन्हा घातल्या. कंपायलरने पुन्हा झाडून टाकल्या. आकडा नव्वद कोटी केला, तोही गेला. चतुर्थीच्या आधी घर आवरणाऱ्या बाईसारखा तो कंपायलर, ज्याचा उपयोग दिसत नाही ते दाराबाहेर.

"काका, घड्याळ लावन सरळ सात मिनटां थांबया. आताच्या भाषेत एकाच ओळीचा काम ता."

"ना. घड्याळ म्हणजे हुकूम, मेजप म्हणजे कोणाची तरी वाट बघप. माका मेजपच होया. ता तसाच रवाक होया."

सेजलने कपाळाला हात लावला, पण तिला राग आला नाही. "मगे त्या मेजणीन कायतरी करूक होया, काका. भायर कोणाक तरी दिसतला असा. कायतरी दिसता म्हटल्यार कंपायलर हात लावचो ना. गेटावयल्या लायटीच्या पाटयेर कायतरी दाखवया. किते लिवू?"

गोकुळदासने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मोजणी चालू असेपर्यंत गेटावरच्या पाटीवर एक ओळ दिसावी, एवढंच त्याने लिहिलं. नव्या यंत्राला सात मिनिटं पुरावीत म्हणून नऊ कोटींवर सेजलने आणखी चार शून्यं चढवली. या वेळी कंपायलरने काही काढलं नाही. मंगळवारपासून तुयेचे आठ परत आठ वाजून सात मिनिटांनी वाजू लागले.

शुक्रवारी निरोपसमारंभ होता. गोकुळदास नेहमीप्रमाणे साडेसातला स्कूटरवरून आला. सुमंगला समारंभासाठी मागाहून बसने येणार होती. आठ वाजून दोन मिनिटांनी बस आली. चौतीस माणसं आत आली, पण सुमंगला नाही. ती रस्ता ओलांडून समोरच्या यशवंताच्या हॉटेलात गेली आणि बाकावर बसून तिने चहा मागवला. वरून हे बघून गोकुळदास गोंधळला आणि खाली धावत तिच्याकडे गेला.

"गो, हंय किते बसलंस? भोंगो वाजतलो मगे."

"आसा वेळ. पाटी बघून कळता." तिने गेटाकडे बोट केलं. पाटीवर लाल अक्षरं होती: जरा थांबा, माणसं येतायत.

गोकुळदासचे कान गरम झाले. "तुका... कोणी सांगला? सेजलान?"

"माका कोण सांगूक होया? माका चौऱ्याण्णवापासून म्हायत आसा." सुमंगलाने बशीत चहा ओतला. "अहो, पयल्या आठवड्यात बस मोडल्ली, म्हणान उशीर जालो. सोमारा ती बरी केली. मगे ती सदांच आठाक पाच कमी आसताना पावताली."

"मगे तू तर आठाक सा मिनटां जाल्यार धावत येताली!"

"हंयसून धावताली. ह्याच बाकार बसून च्या पियेताली. हंयसून तुमची खिडकी दिसता. तुमी धा खेपे खिडकेर येतालात, घड्याळ बघतालात, केस सारखे करतालात. मी म्हटला, हो मनीस माज्यासाठी थांबता. किते वेळ थांबता ता बघूया."

गोकुळदास मटकन तिच्या शेजारी बसला. बस उशिरा येते म्हणून त्याने भोंगा मागे नेला होता. आणि बस मात्र, भोंगा मागे जातो हे कळल्यावर, वर्षा-दोन वर्षांत सुशेगाद, आरामशीर होऊन उशिरा येऊ लागली होती. तीस वर्षं एक अख्खं गाव सात मिनिटं मागे चाललं ते एका मुलीला चहा निवांत प्यायचा होता म्हणून.

"आणि माका कदीं सांगला कित्याक नाय?"

"तुमी तरी खंय सांगलात?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. गोकुळदासने यशवंताला आणखी एक चहा सांगितला आणि दोघं बाकावर बसून समोरची ती खिडकी बघत राहिली. खिडकीत आता सेजल उभी होती आणि खाणाखुणा करून काहीतरी ओरडत होती. त्यांना ते ऐकू आलं नाही.

पाटी विझली. भोंगा वाजला.

परशुरामने शांतपणे गेट लावलं, वही उघडली, कानामागची लाल पेन्सिल काढली आणि रस्त्यापलीकडे हाक दिली.

"गोकुळदास साहेब, नाव लिवलं हां! पयलीच खूण हाय तुमची. बसा निवांत, अजून दोन हायत!"