चित्रातील दाण्यांवर बोरिवलीकरांनी केलेल्या स्वारीची हकीकत

कुलदेवतेचे स्मरण करून, चष्मा पुसोन, बोरिवली पूर्व प्रांती जे युद्ध जाहले त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. यात पदरचे काही घातले असेल तर ते शोभेपुरतेच, वाचणाराने मनात आणू नये.

सदरहू मुलखी, लिफ्ट बहुधा नादुरुस्त अशा चौथ्या मजल्याच्या गडावर अखंडितलक्ष्मीअलंकृत मातोश्री नलिनीबाई यांचा अंमल. चिरंजीव राजश्री सुयोगराव, चाकरी मरोळास, शौक छायाचित्रांचा. कन्या श्वेताबाई यांचे लग्न ठरले आणि सुयोगरावांनी विडा उचलिला की बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढीन, परका फोटोवाला दाराशी उभा करणार नाही. परंतु पेशजी साखरपुड्यात दिवस मावळता काढिलेल्या फोटोंत ऐसे दाणे उमटले की नवरदेवाच्या तोंडावर रवा सांडला की काय ही शंका तमाम सोयऱ्यांस आली, आणि मग नलिनीबाईंचे बंधू, भांडुपचे मातब्बर बाळमामा, यांनी फर्मान काढिले की पोराचा शौक पोरापाशी, आपण अंधेरीहून फोटोवाला आणावा. सुयोगरावांस अन्न गोड लागेना. श्वेताबाईंचा मात्र भावावर भरवसा, सबब त्यांनी मामांची मनधरणी करून एक परीक्षा मागून घेतली.

पेच ऐसा की लग्नाचे देवक बसणार आतल्या खोलीत, समईच्या उजेडात, आणि देवापुढे फ्लॅश मारू नये ही त्या घराण्याची चाल. उजेड थोडा म्हणोन कॅमेऱ्याचा आयएसओ नामक आकडा चढवावा, तो चढविता अंधारातले दिसो लागे आणि त्याच वाटेने दाणेरूपी गनीमही आत शिरे. कोणत्या आकड्यापावेतो मुलूख आपला आणि कोठून पुढे गनिमाचा, याचा ठाव काढणे हीच मोहीम.

रविवारी मामासाहेब दाखल जाहले, चहा घेतला, बखरकारासही दिला, तो बिनसाखरेचा. मग सुयोगरावांनी पडदे ओढिले, ट्यूबलाइट मालविली, तिवईवर कॅमेरा चढविला, समोर तांब्या व नारळ उभे केले आणि पहिला वार करणार तोच मातोश्रींची स्वारी स्वयंपाकघरातून आली आणि बटण दाबोन लख्ख उजेड केला. सुयोगरावांनी मालविला, मातोश्रींनी लाविला, पुन्हा मालविला, पुन्हा लाविला.

"सुयोग, तिन्हीसांजेक घर काळोखात ठेवूचा नाय. लक्ष्मी दारातसून परत जाता."

कोकणच्या घरात जन्मोन दिवा विझवावयास नेमकी दिवेलागण गाठावी, यास काय म्हणावे! मामा गालात हसले. सुयोगराव हवालदिल जाहले. तेव्हा श्वेताबाईंनी वकिली करून तह घडविला, तो येणेप्रमाणे: ट्यूब विझवावी, देवघरातली समई लावावी, म्हणजे लक्ष्मीचा मान राहील आणि देवकाच्या उजेडाची रंगीत तालीमही होईल. तांब्या-नारळ बडतर्फ करावे, मातोश्रींनी रोजच्याप्रमाणे देवापुढे हात जोडून बसावे आणि फोटो त्यांचाच घ्यावा. वास्तविक ही बाई दिवसभरात स्थिर बसते ती एवढीच, एरवी तिचे फोटो म्हणजे पदराचे टोक आणि पळता झारा.

मग रण माजले. आठशेवर नुसती ज्योत हाती आली, सोळाशेवर बांगड्या आल्या, बत्तीसशेवर जोडलेले हात आले, आणि चौसष्टशेवर मातोश्रींचा चेहरा उजळोन निघाला, दाणे होते ते वेशीवर घुटमळणारे. येथेच थांबावे की नाही? परंतु सुयोगरावांस चेव आला आणि त्यांनी एकदम पंचवीस हजार सहाशेवर घोडा फेकिला, आणि गनीम टोळधाडीसारखा चित्रभर पसरला.

लॅपटॉपवर निवाडा सुरू जाहला. चौसष्टशेपावेतो मामांनी नाक मुरडीत का होईना मान डोलाविली. शेवटले चित्र येताच त्यांनी बोट उगारोन हाच तो रवा म्हणोन गर्जना केली, आणि सुयोगराव घाबरेघुबरे होऊन ते पुसावयास धावले. तो मातोश्री हात पुशीत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पुसू नको," त्या म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "बाळ, बघ रे. मी आयेसारखी दिसतंय."

या भावंडांच्या आईचा फोटो कोणी कधी काढिलाच नव्हता. ती माउली गावी चुलीपुढे बसे आणि पोरांस धुरातून तिचा चेहरा दिसे, ऐसाच, कणाकणांचा. मामांनी लॅपटॉप जवळ ओढिला, चष्मा काढिला, पुन्हा घातला.

"आयेच गो," मामा म्हणाले.

मग त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून अंधेरीच्या फोटोवाल्यास येऊ नये म्हणोन कळविले.

येणेप्रमाणे चौसष्टशेपावेतोचा मुलूख सुयोगरावांचे अमलात आला, पुढील गनिमाकडे राहिला आणि लग्नाचा कॅमेरा घरच्या हाती कायम जाहला, ही फत्ते येथे नमूद केली असे. पंचवीस हजार सहाशेचे ते एक चित्र मात्र मातोश्रींच्या हुकुमाने चौकट करून भिंतीस लाविले. त्याची दुसरी प्रत मामांनी भांडुपास नेली, आणि रिक्षात बसोन ती मांडीवर धरिली, पिशवीत घातली नाही.