एक कान मोकळा

"दिवे तर सगळे लागलेत. मग आवाज कुठे मेलाय?" पुरावेसाहेबांनी वैतागून पुन्हा एकदा तारा छेडल्या. गिटार त्यांच्या गळ्यात होती, गिटारची वायर पायाशी ठेवलेल्या इफेक्ट्स प्रोसेसरमध्ये खोचलेली होती, प्रोसेसरची वायर खिडकीखालच्या चाकांच्या स्पीकरमध्ये होती, आणि स्पीकर ढिम्म होता. ऐकू येत होती ती नुसत्या तारांची टुकटुक. तेवढी तर डब्याला रबर ताणून लावलं तरी होते.

पुरावेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत भरपाईचे दावे तपासायचे आणि समोर जळून कोळसा झालेली मोटार उभी असली तरी "जळाली याला पुरावा काय?" असं विचारायचे, म्हणून ऑफिसने पाठीमागे ठेवलेलं ते नाव. आज मात्र पुरावा त्यांच्याकडेच मागितला गेला होता, आणि तोही घरच्यांनी.

त्याचं असं झालं, की सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी ही गिटार आणली आणि सोबत हा प्रोसेसर. पायाने दाबायची चार पेडलं असलेलं चपटं यंत्र. त्यातून गिटारचा आवाज हवा तसा फिरवता येतो, आणि हेडफोन लावला की वाजवणाऱ्याखेरीज तो कोणालाही ऐकू येत नाही. इथेच तर घोडं पेंड खात होतं. रोज संध्याकाळी साहेब मागच्या खोलीत जाऊन दार लावायचे ते थेट जेवायला बाहेर यायचे, आणि मधल्या वेळात आतून हूं की चूं नाही. ते आत झोपा काढतात असं बायकोचं स्पष्ट मत होतं. मेहुण्याचंही तेच मत होतं, कारण त्याचा गाद्यांचा धंदा होता आणि ती खोली त्याला गोदाम म्हणून हवी होती. शेवटी असं ठरलं, की सासऱ्यांच्या वाढदिवसाला साहेबांनी सगळ्यांसमोर वाजवून दाखवायचं. वाजलं तर खोली साहेबांची. नाही वाजलं तर गिटार माळ्यावर आणि खोलीत गाद्या.

स्पीकर मेहुण्यानेच आणला होता. दुकानाच्या सेलमध्ये तो फुटपाथवर उभा करून त्यावरून ओरडायचा.

"माझा स्पीकर एकदम ओके आहे हां भावजी," मेहुणा म्हणाला. "कालच त्याच्यावर चाळीस गाद्या विकल्यात."

"मी स्पीकरला काही म्हणालो का?"

"तोंडावर दिसतंय ना."

साहेबांनी वायर काढून उलटीसुलटी करून लावली. मग दुसरी लावली. मग माइकच्या भोकात लावून पाहिली. मेहुण्याने तेवढ्यात गिटारवरचा आवाज पूर्ण वाढवला, प्रोसेसरवरचा पूर्ण वाढवला आणि स्पीकरची सगळी बटणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टाकली. त्यातलं एक ब्लूटूथचं निघालं. स्पीकरने त्याच्या खिशातला फोन ओळखला आणि घर हादरलं, "या, या, या! एका गादीवर दोन उशा मोफत! पाठदुखीला रामराम!"

"बंद कर ते!" साहेब किंचाळले.

"बघा, स्पीकर चालू आहे," मेहुणा फोन चाचपत शांतपणे म्हणाला. "म्हणजे प्रॉब्लेम तुमच्या साइडला आहे."

आरामखुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली नाही. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभी हयात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते औषधाच्या खोक्यावरचा मजकूर पेन्सिल घेऊनच वाचायचे. आताही ते केकच्या खोक्याचं झाकण तपासत होते.

"अहो, नसेल येत तर राहू द्या," बायको म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, त्यामुळे साहेबांना तो जास्तच लागला. "झोप लागते माणसाला. ऑफिसातून दमून येता. मी काही बोलले का कधी?"

"मी झोपत नाही!" साहेबांचा पारा चढला. "एक मिनिट डोळा मिटत नाही मी आत! उलट एक कान मोकळा ठेवतो. हेडफोन एकाच कानावर. का? तर घरात काय चाललंय त्याकडे लक्ष असावं म्हणून. इतका जागा असतो मी!"

एवढं बोलून त्यांनी रागारागाने पाय आपटला. तो नेमका पहिल्या पेडलवर पडला.

ते पेडल होतं ट्यूनरचं. एरवी साहेब फोनवर बघून तारा सुरात लावायचे. आज चारचौघांत यंत्राचा रुबाब दाखवावा म्हणून त्यांनी ते पेडल पहिल्यांदाच दाबलं होतं, हिरवा दिवा पाहून खूश झाले होते आणि तसंच पुढे गेले होते. ट्यूनर चालू असेपर्यंत यंत्र बाहेर आवाज सोडत नाही, कारण तारा पिळण्याची कटकट लोकांनी का ऐकावी? आता ट्यूनर बंद झाला, आणि तीन ठिकाणी पूर्ण वाढवून ठेवलेला आवाज एकदम मोकळा सुटला.

स्पीकरने अशी शिट्टी मारली की बायकोच्या हातातली बशी खाली पडली. शेजारच्यांनी भिंत बडवली. मेहुण्याने दोन्ही कानांवर हात घेतले, त्यामुळे बटण फिरवायला त्याच्याकडे हातच उरला नाही. साहेबांनी गिटार सोफ्यावर फेकली, धावत जाऊन स्पीकरचा आवाज उतरवला, मग गुडघ्यांवर येऊन प्रोसेसरचा उतरवला आणि उठताना हाताचा भार टाकला तो शेवटच्या पेडलवर.

आणि सूर आले. स्वच्छ, गोड. सासरे प्रुफं वाचताना गुणगुणायचे तीच जुनी चाल.

"वा!" बायकोच्या तोंडून निघून गेलं. तिचे डोळे चक्क पाणावले. "अहो, किती सुंदर..." आणि मग तिची नजर सोफ्याकडे गेली. गिटार उशीवर पालथी पडली होती. साहेब अजून गुडघ्यांवरच होते.

"भावजी," मेहुण्याने विचारलं, "वाजवतंय कोण?"

"मीच!" साहेब म्हणाले. "म्हणजे, दुपारचा मी. या पेडलने आपलंच वाजवलेलं रेकॉर्ड होतं आणि मग ते गोल गोल वाजत राहतं."

"हं," बायको म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने परत घेतलं. "म्हणजे यंत्र वाजत ठेवायचं आणि आपण आडवं व्हायचं. आता कळलं."

"अगं, मीच वाजवलंय ते!"

"पुरावा काय?" मेहुणा म्हणाला.

गेली अठरा वर्षं हा प्रश्न ऐकून लोकांना काय वाटत असेल, ते साहेबांना आत्ता कळलं. त्यांनी तिरीमिरीत प्रोसेसरचा प्लग उपटला, गिटारची वायर सरळ स्पीकरमध्ये खोचली, मेहुण्याचा फोन बंद करायला लावला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत बोटं खालच्या तारेवर उतरायची जागा आली, आणि तिथे रोजच्यासारखीच करंगळी घसरली. एक सूर बोबडा पडला. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि चाल कशीबशी शेवटाला नेली.

"येतंय थोडंथोडं," बायको म्हणाली. "पण हे एवढं आठवड्याभरातही येईल. सहा महिने..."

"थांब," सासरे म्हणाले. झाकण बाजूला ठेवून त्यांनी पेन्सिल उचलली होती. "मघाचं ते पुन्हा लावा, जावईबापू."

साहेबांनी निमूटपणे प्रोसेसर जोडून शेवटचं पेडल दाबलं. पहिली ओळ गेली. दुसरी सुरू झाली, आणि सासऱ्यांनी पेन्सिलीने हवेत गोल काढला.

"इथे. ऐकलंत? आत्ताही इथेच, याच सुरावर, अशीच घसरली. विकतची टेप असती तर चूक नसती. दुसऱ्या कोणी वाजवलं असतं तर चूक दुसरीकडे असती. ही एकाच हाताची आहे, आणि रोज करून करून घट्ट बसलेली आहे. झोपणाऱ्या माणसाला इतकी पक्की चूक जमत नाही."

साहेबांच्या चुकीचं एवढं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं.

"म्हणजे खरंच जागे असायचात?" बायकोने हळूच विचारलं.

"पूर्ण जागा!"

"रोज?"

"रोज!"

"आणि एक कान मोकळा?"

"अगदी मो..." साहेब थबकले. पण फार उशीर झाला होता.

"मग मी दाराशी उभी राहून हाका मारायचे, ते ऐकू यायचं तुम्हाला. दूध उतू जातंय, बेल वाजतेय, भांडी पडलीत, जरा बाहेर या. मी म्हणायचे, जाऊ दे, झोपलेत बिचारे. सहा महिने मी कीव केली तुमची!"

साहेबांनी मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पुन्हा केकच्या झाकणाकडे वळले होते.

"खरं सांगायचं तर," साहेब घसा खाकरून म्हणाले, "मधूनमधून डोळा लागायचा."

"मग गाद्या उद्या आणू का?" मेहुण्याने तत्परतेने विचारलं.

साहेबांनी एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. अठरा वर्षांत दाव्याचा निकाल त्यांनी इतक्या लवकर कधी दिला नव्हता.

"जागाच होतो," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून भांडी घासायला गेले.

नळ सुरू झाला. हॉलमध्ये कोणीतरी शेवटचं पेडल दाबलं आणि साहेबांची गिटार गोल गोल वाजू लागली. पहिली ओळ गेली. दुसरी आली, आणि बायको सगळ्यात मोठ्याने ओरडली, "हां, इथे! अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," साहेब स्वयंपाकघरातून म्हणाले.