दाजींचा पाण्याचा डोंगर

आमच्या दाजींना जेवायला बोलावलं की भाताचं भांडं त्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. भात आपण वाढायचा, वरण आपण ओतायचं आणि त्यांनी पहिला घास घेईपर्यंत ताटावरून नजर काढायची नाही. कारण भात एकदा त्यांच्या ताब्यात गेला की ते त्याचे दोन डोंगर करतात. एक मोठा, एक लहान, मध्ये खिंड. मग वरणाची पळी उचलून शेजारच्या पाहुण्याला विचारतात, "आता पाणी चढवतो. बेटं किती होतील, सांगा."

पाहुणा बिचारा भुकेलेला. तो म्हणतो, "एक."

वरण चढतं. खिंड बुडते. "आता?"

"दोन."

"शाब्बास." आणखी वरण. लहान डोंगर दिसेनासा होतो. "आता?"

"परत एक."

"बराबर! लहान बेट एक पळी टिकलं. मोठं अजून उभंय. एका पळीत गेलं ते फिजूल. टिकलं ते कायम. सगळं शास्त्र एवढंच आहे बघा."

तोवर वरण ताटाची कड ओलांडून टेबलभर पसरलेलं असतं आणि माझी बायको सुमन फडकं घेऊन उभी असते. एकदा आमच्या ऑफिसचे साहेब जेवायला आले होते. त्यांनी दुसऱ्या पळीला 'तीन' असं उत्तर दिलं. दाजींनी त्यांना तिथंच नापास केलं, वर "पाया कच्चा आहे" असंही ऐकवलं. माझी बढती त्या वर्षी झाली नाही. पुढच्या वर्षीही झाली नाही, पण त्यात दाजींचा हात नव्हता. ती माझी स्वतःची कमाई.

दाजी म्हणजे सुमनच्या थोरल्या बहिणीचे, मालनताईंचे यजमान. नात्यानं माझे साडू. नाव भास्करराव, पण पिशोरजवळची आमची सासुरवाडी अख्खी त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तसा मीही त्याच गावचा जावई, पण मी 'धाकले दाजी', आणि तेही कुणी ओळख करून दिली तर. दाजी इथं छत्रपती संभाजीनगरात कॉलेजात गणित शिकवायचे. आता निवृत्त. सिडकोत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मालनताई सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच.

त्यांच्या गणिताला टोपॉलॉजी म्हणतात. ते मला कितपत कळलंय ते विचारू नका. पण एवढं कळलंय की हे गणित वस्तूची लांबी-रुंदी विचारत नाही. तुकडे किती, भोकं किती, काय कशाला कुठं जाऊन मिळतं, एवढंच विचारतं. शास्त्रज्ञ लोक हजारो-लाखो आकडे गोळा करतात, ढगांचे, मेंदूचे, समुद्राचे. त्या ढिगाऱ्यातली शिखरं आणि खड्डे शोधायचे, कुठलं शिखर कुठल्या उंचीवर दुसऱ्याला जोडलं जातं त्याचं वंशावळीसारखं झाड काढायचं, आणि जी शिखरं लगेच विरघळतात ती सोडून द्यायची. "आकड्यांकडं नका बघू साडूभाऊ," दाजी म्हणतात. "आकडे लई बडबड करतात. आकाराकडं बघा. आकार खोटं बोलत नाय."

हे वाक्य मला फार महागात पडलंय. मला मधुमेह आहे. सुमननं माझ्या वर्षभराच्या साखरेचे आकडे वहीत लिहून ठेवले होते. दाजींनी ती वही मागून नेली आणि चार दिवसांनी माझ्या साखरेची डोंगररांग काढून आणली. पेन्सिलीनं बारीक बारीक शिखरं खोडली. "हे लग्नातलं जेवण, फिजूल. हे दिवाळीचं, फिजूल. हे सर्दीचं औषध, फिजूल." उरली ती एकसारखी उंच शिखरं. दाजींनी त्यांच्याखालचे वार वाचले. गुरुवार, गुरुवार, गुरुवार.

"पण गुरुवारी तर यांचा उपास असतो," सुमन म्हणाली.

"उपास फिजूल. शिखर कायम," दाजी म्हणाले.

गुलमंडीवरच्या इमरतीचा आणि माझा बारा वर्षांचा स्नेह त्या संध्याकाळी संपला. हा माणूस आपलं आणखी काय उघड करेल याची तेव्हापासून मला धास्तीच बसली.

पण दाजींचं खरं प्रेम सासुरवाडीच्या विहिरींवर. गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर मिळून चाळीस विहिरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाजी जाणार आणि प्रत्येक विहिरीत काठापासून किती खाली पाणी आहे ते मोजणार. हे सतरा वर्षं चाललंय. मोजायची पद्धत गावानं ठरवून दिलेली. जावयानं विहिरीवर वाकायचं नाही. उद्या जावई आत पडला तर गावानं तोंड कुठं दाखवायचं? तेव्हा ज्याची विहीर तो टेप सोडणार आणि आकडा ओरडणार. दाजी वीस पावलांवर बांधावर उभे राहून वहीत लिहिणार. पहिल्या वर्षी लोक हसले. "दाजी, पाण्याला ताप आलाय का हो?" दुसऱ्या वर्षी चहा देऊ लागले. पाचव्या वर्षापासून बाया आपण होऊन सांगू लागल्या, "दाजी, आज सकाळी मोटार चालली होती बरं का, आमचा खड्डा फिजूल धरा."

या वर्षाच्या सुरुवातीला गावानं पिण्याच्या पाण्याची नवी विहीर खणायचं ठरवलं. उन्हाळ्यात टँकर येतो, त्याच्यामागं बाया हंडे घेऊन पळतात, ते बंद व्हावं म्हणून. जागा कुठली? सरपंचबाई ग्रामसभेत म्हणाल्या, "पाणाड्या नको नि नारळ नको. आपले दाजी सांगतील तिथं कुदळ." खणायचं ते एकदाच. जागा चुकली तर पुढची कितीतरी वर्षं तोच टँकर.

दाजींच्या चित्रात जागा अगदी लखलखीत दिसत होती. जमिनीखालच्या पाण्याचा सगळा उंचसखलपणा त्यांनी काढला होता आणि पूर्वेच्या अंगाला, आमच्या सासऱ्यांच्या शेतात, पाण्याचा एक डोंगर उभा होता. वैशाखात सगळं गाव तळाला जातं, हा डोंगर तसाच. सहा वर्षं तसाच. आमच्या मेहुण्यानं तर विहिरीपुरती जमीन गावाला लिहून द्यायची तयारीही दाखवली.

पुढच्या ग्रामसभेच्या आठवडाभर आधी दाजींची जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं आली. ती विद्यापीठात याच विषयात संशोधन करते. दाजींच्या वह्या तिनं कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या आणि महिन्यामागून महिना पाण्याची चादर वर-खाली होताना पडद्यावर दिसत होती. निळी, हिरवी, नारिंगी. मी चहा करायला म्हणून तिथं होतो. दाजींकडं गेलं की चहा आपणच करायचा असतो, कारण ते दूध उतू जाताना त्याचा आकार बघत बसतात.

प्रज्ञानं पडदा थांबवला. "सर, एक विचारू? हा पूर्वेचा डोंगर सगळ्यांत जास्त टिकतोय. म्हणजे आपल्या नियमानं हाच सगळ्यांत खरा."

"कायम," दाजी म्हणाले.

"पण सर, तो जरा जास्तच कायम आहे. मी त्या एका विहिरीचे आकडे वेगळे काढले. आधीची अकरा वर्षं ती बाकीच्यांसारखीच चढते-उतरते. आणि नंतर सहा वर्षं हललीच नाय. पावसाळ्यात नऊ मीटर चाळीस, उन्हाळ्यात नऊ चाळीस. सर, नळाचंसुद्धा पाणी इतकं शिस्तीत नसतं."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. दाजींचे कान लाल झाले होते. हा माणूस वर्गात चाळीस वर्षं प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत आलेला, आणि आता कपातल्या चहाकडं असा बघत होता की जणू स्वतःच कॉपी करताना सापडलाय.

"चुकलं असेल," ते शेवटी म्हणाले.

"एवढ्या वेळा, सर?"

दाजी उठले, वह्या गोळा केल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साडूभाऊ, उद्या गाडी काढता का? सुमनला पण घ्या."

खुलताबादचा घाट चढताना दाजी नेहमी डोंगर मोजतात. कुठला खरा, कुठला फिजूल, अशी टीका चालू असते आणि मला गिअर बदलायची शुद्ध राहत नाही. त्या सकाळी त्यांनी एकही डोंगर मोजला नाही. मी दोनदा विनोद केला. दोन्ही वेळा सुमननं मागून माझ्या खांद्याला बोट टोचलं. प्रज्ञाचं बोलणं मी तिला रात्रीच सांगितलं होतं. मग तिनंच विचारलं, "दाजी, ताईनं सांगितलेला शेवटचा आकडा नऊ चाळीसच होता ना?"

दाजी खिडकीबाहेर बघत होते. "व्हय."

मग तेच सांगू लागले, तुकड्या-तुकड्यानं. बाकी विहिरींवर मालकच टेप सोडायचा, पण सासऱ्यांच्या विहिरीवर मालनताई सोडायच्या. घरची लेक. ती वाकली तर गावाची हरकत नाही. दाजी बांधावर उभे, आणि ही विहिरीवरून ओरडून सांगायची. एरवी घरात तिचा आवाज ऐकू यायचा नाही, पण तिथं मात्र अशी ओरडायची की शेजारच्या शेतातले बैल माना वळवायचे. त्या भाद्रपदात तिनं नऊ चाळीस म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात ती दवाखान्यात होती, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात नव्हती.

"नंतर मी त्या विहिरीकडं गेलोच नाय," दाजी म्हणाले. "रकाना कोरा ठेवला तर चित्राला भोक पडतं. आणि दुसऱ्या कुणाला विचारून लिहायचं, तर…" त्यांनी मांडीवरची वही मिटली. जरा वेळानं म्हणाले, "पोरांना सांगत राहिलो, आकार खोटं बोलत नाय. आणि मीच त्याला बोलायला लावलं. बाया तिथं खणत बसल्या असत्या, साडूभाऊ."

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. मी म्हणालो, "पुढं चहा चांगला मिळतो." माझ्याकडून अशा वेळी एवढंच निघतं.

ग्रामसभेत काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दाजींनी उभं राहून कबूल केलं, की पूर्वेचा डोंगर खोटा आहे आणि खोटा मी केलाय. का केला ते सांगितलं नाही. पण गावाला मालनताईंचा आवाज ठाऊक होता, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. फक्त सरपंचबाई म्हणाल्या, "जावयाची चूक गाव पोटात घालतं, दाजी. आता खरी जागा बोला." नव्या चित्रात पाणी नाल्याच्या वळणाशी निघालं. डोंगर कसला, टेकाडच होतं ते. पण दर उन्हाळ्यात तग धरून राहिलेलं. तिथं खणलं. यंदाच्या वैशाखात टँकर एकदाच आला, तोही सवयीनं.

पण मला ग्रामसभेपेक्षा आठवते ती त्याआधीची ती सकाळ.

सासऱ्यांच्या शेतात आम्ही तिघं पोचलो. मी टेप उचलला, तेवढ्यात मेहुणा घरातून ओरडला, "धाकले दाजी, लांब व्हा तिथून!" म्हणजे या गावी मीही जावई आहे तर. मला बरं वाटलं. टेप सुमननं घेतला. दाजी बांधावर जाऊन उभे राहिले, वीस पावलांवर, विहिरीकडं पाठ करून. वही उघडलेली.

सुमननं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि टेप सोडला. बराच वेळ तो जातच राहिला. नऊ चाळीसच्या खाली, खूप खाली. मग वजन पाण्याला लागल्याचा आवाज आला. तिनं आकडा वाचला आणि मान वर करून ओरडली, "सोळा दहा!"

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला फोनवर या दोघी बहिणींचे आवाज वेगळे ओळखता येत नव्हते. त्यापायी मी ताईंना काय काय बोलून बसलोय ते इथं सांगण्यासारखं नाही.

"काय?" दाजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"सोळा दहा!"

"पुन्हा सांग."

वारा होता. यांना ऐकू येत नसेल म्हणून मी तोंडाशी हात धरले आणि ओरडायला म्हणून छाती फुगवली. सुमननं माझा दंड पकडला आणि मान हलवली. मग मी नीट बघितलं. दाजींचं लिहून कधीच झालं होतं. पेन्सिल कानामागं होती आणि मिटलेली वही काखेत.

सुमननं एक श्वास घेतला, आणि शेजारच्या शेतापर्यंत जाईल अशा आवाजात, सावकाश, तो आकडा पुन्हा सांगितला.